पाठ्यपुस्तकाला पडद्याचा पर्याय

दक्षिण कोरियाने २०११ साली असा संकल्प जाहीर केला, की २०१५ पर्यंत देशातील सर्व शालेय पाठ्यपुस्तके डिजिटल स्वरूपात आणायची आणि छापील पुस्तकांऐवजी मुलांच्या हाती टॅबलेट द्यायचे. त्या देशातील इंटरनेटचा वेग, तेथील विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय चाचण्यांमधील कामगिरी आणि अशी उपकरणे बनवणाऱ्या उद्योगाची ताकद लक्षात घेता हा बदल जगात कोठे साधणार असेल तर तो तेथेच साधेल, असे मानायला सबळ कारणे होती. प्रत्यक्षात मुदत उलटून गेली आणि छापील पुस्तके वर्गात कायम राहिली. पुढे मार्च २०२५ मध्ये याच देशाने गणित, इंग्रजी आणि माहितीशास्त्र या विषयांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी डिजिटल पाठ्यपुस्तके निवडक इयत्तांमध्ये सुरू केली. परंतु पालकांचा आणि शिक्षक संघटनांचा विरोध वाढत गेला, अनेक शाळांनी ती स्वीकारली नाहीत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील संसदेने कायद्यात दुरुस्ती करून या साहित्याचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढून घेतला व त्याला पूरक साहित्याचे स्थान दिले. पाठ्यपुस्तक सहसा प्रत्येक शाळेला वापरावे लागते, तर पूरक साहित्य शाळेला हवे असेल तरच ती घेते. त्यामुळे एका सत्रात झालेला हा बदल त्या योजनेच्या मुळावरच आला.

'डिजिटल पाठ्यपुस्तक' या नावाखाली परस्परांपासून बऱ्याच वेगळ्या गोष्टी एकत्र येतात आणि त्यांची गल्लत झाल्याने या विषयावरची चर्चा वारंवार भरकटते. सर्वांत साधा प्रकार म्हणजे छापील पानाची जशीच्या तशी प्रतिमा असलेली पीडीएफ फाइल. 'बालभारती'ची पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून अशाच स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यापुढचा प्रकार संवादी पुस्तकाचा, म्हणजे वाचकाच्या कृतीला प्रतिसाद देणाऱ्या पुस्तकाचा आहे: शब्दावर बोट ठेवले की अर्थ दिसतो, आकृती फिरवून पाहता येते, उत्तर चूक की बरोबर हे तत्काळ कळते. कोरियाने आणला तो तिसरा प्रकार अनुकूली म्हणून ओळखला जातो. त्यात मुलाने आधी दिलेल्या उत्तरांची नोंद ठेवून त्याला पुढचा प्रश्न सोपा द्यायचा की अवघड, हे संगणकप्रणाली ठरवते. पहिल्या प्रकारात पुस्तक तेच राहते आणि केवळ माध्यम बदलते. तिसऱ्यात प्रत्येक मुलासमोरचे पुस्तक वेगळे होते आणि सगळ्या वर्गाने मिळून एक पान उघडण्याची रीतच मोडते. म्हणून डिजिटल पुस्तकांच्या बाजूने एखादा दावा केला गेला, तर तो यांपैकी कोणत्या प्रकाराविषयी आहे हे आधी पाहावे लागते, कारण तिसऱ्याच्या नावाने मागितलेला पैसा पहिल्यावर खर्च होऊ शकतो.

या बदलाचा विचार करताना छापील पाठ्यपुस्तक ही केवळ वस्तू मानली जाते, आणि तेथेच पहिली चूक होते. महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक ही एक सार्वजनिक व्यवस्था आहे. कोठारी आयोगाने दर्जेदार व स्वस्त पाठ्यपुस्तकांची गरज ठळकपणे मांडली, त्याच सुमारास, म्हणजे २७ जानेवारी १९६७ रोजी, पुण्यात महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची स्थापना झाली. हेच मंडळ सर्वत्र 'बालभारती' या नावाने ओळखले जाते. मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी अशा अनेक भाषांमधून त्याची पुस्तके निघतात, आणि शिक्षण हक्क कायद्यानंतर शासकीय व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना ती समग्र शिक्षा योजनेतून मोफत मिळतात. गडचिरोलीतील आश्रमशाळेत आणि मुंबईच्या महानगरपालिका शाळेत एकाच इयत्तेच्या मुलाच्या हाती एकच पान असते. ते पान उघडायला वीज लागत नाही, संकेतशब्द लागत नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाची परवानगीही लागत नाही. पुस्तक मुलाचे असते, तर गरीब घरातील फोन बहुधा वडिलांचा असतो आणि वडील कामावर गेले की तो त्यांच्याबरोबर जातो.

हा फरक किती मोठा आहे, हे करोनाच्या काळात मोजले गेले. 'प्रथम' ही मुंबईत सुरू झालेली संस्था 'असर' या नावाने ग्रामीण शिक्षणाची पाहणी करते. तिच्या २०२० च्या पाहणीत शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले, तर आपल्या इयत्तेची पाठ्यपुस्तके जवळ असलेल्या मुलांचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक होते. शाळा बंद असताना शिक्षणाचे जे साधन सर्वाधिक घरांत पोहोचलेले होते ते छापील पुस्तक होते. त्यानंतर फोनचा प्रसार झपाट्याने झाला हे खरे, आणि 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्याच अहवालातील पुढची आकडेवारी अधिक बोलकी आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या या मुलांपैकी आधीच्या आठवड्यात शिक्षणासाठी फोन वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणाऱ्यांचे सुमारे ७६ टक्के. शाळांची स्थितीही पाहण्यासारखी आहे: केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस या माहितीसंचानुसार २०२३-२४ मध्ये देशातील सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट आणि सुमारे ५७ टक्के शाळांत संगणक उपलब्ध होते. उरलेल्या शाळांतील मुलांना पाठ्यपुस्तकाशिवाय ठेवून कोणतीही राज्यव्यवस्था समान शिक्षणाची भाषा करू शकत नाही.

तथापि वीज, इंटरनेट आणि पैसा हे अडथळे उद्या दूर झाले असे गृहीत धरले, तरी मूळ प्रश्न उरतोच: मूल पडद्यावर वाचते तेव्हा त्याला कागदावर वाचल्याइतके समजते का? या प्रश्नावर गेल्या पंचवीस वर्षांत भरपूर संशोधन झाले आहे आणि त्याचा कल आता बराच स्पष्ट आहे. नॉर्वेतील संशोधक ॲने मँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांचे दोन गट केले; एका गटाने काही उतारे कागदावर वाचले, दुसऱ्याने तेच उतारे संगणकाच्या पडद्यावर पीडीएफ स्वरूपात वाचले, आणि आकलनाच्या चाचणीत कागदावर वाचणारे विद्यार्थी सरस ठरले. एका लहान अभ्यासावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. म्हणून २०१८ साली प्रसिद्ध झालेला स्पेन व इस्राएलमधील संशोधकांचा महाविश्लेषणात्मक अभ्यास महत्त्वाचा ठरतो. महाविश्लेषण म्हणजे एकाच प्रश्नावर झालेल्या अनेक स्वतंत्र अभ्यासांचे निकाल सांख्यिकीच्या साहाय्याने एकत्र तोलून पाहणे. या विश्लेषणात २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास आणि १,७०,००० हून अधिक वाचक समाविष्ट होते. त्यात कागदावरील आकलन सरस असल्याचे दिसले. हा फरक आकाराने लहान होता, पण सातत्याने आढळणारा होता.

त्या विश्लेषणातील बारकावे पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहेत. गोष्ट वाचताना माध्यमाचा फारसा परिणाम दिसला नाही, परंतु माहितीपर मजकूर वाचताना, म्हणजे विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र यांची पुस्तके ज्या प्रकारच्या गद्यात लिहिलेली असतात ते गद्य वाचताना, कागदाचा फायदा दिसला. ठरावीक वेळेत वाचून संपवायचे असेल तेव्हा तो आणखी वाढला. सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष असा, की अलीकडच्या वर्षांतील अभ्यासांत हा फरक कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. मुले जन्मापासून पडदे पाहतच वाढतात, तेव्हा पडद्यावरचे वाचन त्यांना आपोआप जमेल, हा समज या निष्कर्षापुढे टिकत नाही. पडद्याची सवय होते ती सरसर वरवर पाहण्याची, आणि अभ्यासाचे वाचन त्याच पडद्यावर करावे लागले की ती सवय तेथेही येते.

असे का होत असावे, याविषयी संशोधकांनी काही स्पष्टीकरणे सुचवली आहेत. कागदी पुस्तक वाचताना मजकुराला जागा असते. अमुक व्याख्या डाव्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, आकृतीच्या शेजारी होती, अशी मनात एक प्रकारची नकाशासारखी मांडणी तयार होते आणि आठवताना तिचा आधार मिळतो. पडद्यावर मजकूर वर सरकत जातो, त्यामुळे ही जागा स्थिर राहत नाही. दुसरे स्पष्टीकरण स्वतःच्या आकलनाविषयीच्या भानाचे आहे: आपल्याला कितपत समजले याचा अंदाज पडद्यावर वाचणारे वाचक अनेकदा वाजवीपेक्षा अधिक करतात, त्यामुळे पुन्हा मागे जाऊन वाचण्याची गरज त्यांना वाटत नाही आणि ते पुढे निघून जातात. अभ्यास म्हणजे मुख्यतः मागे वळून पुन्हा वाचणे, खूण करणे, समासात लिहिणे आणि अडलेल्या वाक्यापाशी थांबून राहणे. हे सर्व पडद्यावर अशक्य नाही, पण कागद त्यासाठी हाताला सहज साथ देतो. वाचनावर काम करणाऱ्या युरोपातील १३० हून अधिक संशोधकांनी २०१९ साली नॉर्वेतील स्टॅव्हँगर येथील जाहीरनाम्यात याच कारणाने असा इशारा दिला, की प्राथमिक शाळेत कागदाऐवजी पडदे आणण्याची घाई निरुपद्रवी नाही.

प्रत्यक्ष मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगांचा अनुभवही फारसा वेगळा नाही. पेरू या देशाने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक चळवळीच्या अंतर्गत साडेआठ लाखांहून अधिक लॅपटॉप शाळांना दिले. त्या कार्यक्रमाच्या मूल्यमापनात ग्रामीण शाळांची यादृच्छिक निवड करून, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून, लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना करण्यात आली, तेव्हा गणित व भाषा यांतील प्रावीण्यात फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या शाळा-विभागाने २०१३ साली आपल्या सुमारे साडेसहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत आयपॅड व त्यावरील अभ्यासक्रम पोहोचवण्याची, इंटरनेट-जोडण्यांसह सुमारे १.३ अब्ज डॉलर खर्चाची योजना हाती घेतली. काही आठवड्यांतच विद्यार्थ्यांनी उपकरणांवरील सुरक्षा-बंधने काढून टाकली, अभ्यासक्रमाचा मजकूर अपुरा असल्याचे दिसून आले, आणि २०१४ मध्ये करार स्थगित करून योजना गुंडाळावी लागली. भारतातही ऑक्टोबर २०११ मध्ये 'आकाश' या स्वस्त टॅबलेटचा मोठा गाजावाजा झाला होता; आज तो टॅबलेट कोणत्याही वर्गात दिसत नाही, आणि त्याच काळात छापलेली पुस्तके मात्र गावोगावच्या कपाटांत अजून वाचण्याजोगी आहेत.

स्वीडनचे उदाहरण अधिक गंभीरपणे घ्यावे लागते, कारण तेथे उपकरणेही होती, प्रशिक्षित शिक्षकही होते आणि पैसाही होता. तेथील शाळा डिजिटल साधनांच्या वापरात युरोपात अग्रेसर मानल्या जात. चौथीच्या मुलांच्या वाचनाची आंतरराष्ट्रीय चाचणी 'पर्ल्स' या नावाने घेतली जाते. तीत स्वीडनचे सरासरी गुण २०१६ मधील ५५५ वरून २०२१ मध्ये ५४४ वर आले. या घसरणीत महासाथीचा आणि स्थलांतरित मुलांच्या भाषेच्या अडचणीचाही वाटा असू शकतो, आणि घसरणीनंतरही ते गुण युरोपात चांगलेच होते, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. तरीही तेथील तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री लोटा एडहोल्म यांनी धोरणाची दिशा बदलली. वैद्यकीय संशोधनासाठी विख्यात असलेल्या करोलिन्स्का संस्थेनेही छापील पाठ्यपुस्तकांकडे आणि शिक्षकाच्या ज्ञानाकडे पुन्हा लक्ष वळवावे असे मत दिले, आणि २०२३ साली सरकारने शाळांना पुस्तके खरेदी करण्यासाठी ६८.५ कोटी क्रोनर मंजूर केले. ज्या देशाला पडद्यांवरचा खर्च सर्वांत सहज परवडत होता, त्यानेच पुन्हा पुस्तकांसाठी पैसे मोजले.

खर्चाच्या बाबतीत एक भ्रम नेहमी पसरवला जातो, की छपाई थांबली म्हणजे पैसा वाचला. पुस्तक एकदा छापले की त्यावर नंतर खर्च होत नाही, आणि ते धाकट्या भावंडाला वापरता येते. उपकरणाला मात्र विद्युतभारण, दुरुस्ती, विमा, इंटरनेट, सुरक्षा-प्रणाली आणि ठरावीक काळाने बदली असा कायमचा खर्च असतो. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानुसार शैक्षणिक तंत्रज्ञानाची उत्पादने सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. शिवाय व्यावसायिक डिजिटल पुस्तक बहुतेक वेळा विकत मिळत नाही, त्याचा परवाना मिळतो. परवाना म्हणजे ठरावीक मुदतीपुरती वाचण्याची मुभा, आणि मुदत संपली की पान उघडत नाही. राज्याने स्वतः निर्माण केलेले आणि स्वतःच्या मालकीचे पाठ्यपुस्तक सोडून अशा परवान्यांवर विसंबणे म्हणजे एका पिढीच्या अभ्यासाची किल्ली खासगी कराराच्या हाती देणे होय.

पुस्तक मुलाला वाचत नाही, उपकरण मात्र वाचते. कोणते मूल कोणत्या पानावर किती वेळ थांबले, कोठे चुकले, किती वाजता अभ्यासाला बसले, याची नोंद अनुकूली पुस्तक ठेवतेच, कारण त्यावरच ते चालते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी महासाथीच्या काळात सुचवलेल्या शैक्षणिक ॲप व संकेतस्थळांची तपासणी केली, तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ उत्पादनांत मुलांच्या खासगीपणाला धोका पोहोचवणारे व्यवहार आढळले. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. परंतु ज्या साधनाशिवाय मुलाला धडाच वाचता येणार नाही, त्याला संमती नाकारण्याचे स्वातंत्र्य पालकाला कितपत उरते, हा प्रश्न त्या कायद्याने सुटत नाही.

डिजिटल पुस्तकांच्या बाजूने सर्वसामान्य पालकांना सर्वाधिक पटणारा मुद्दा दप्तराच्या ओझ्याचा आहे, आणि तो खरा आहे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावे असे सुचवले. पण ओझे कमी करण्याचे उपाय कागदातच उपलब्ध आहेत. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून विविध विषयांचे धडे एकत्र करून चार भागांत विभागलेली, धड्यांना जोडून वहीची कोरी पाने असलेली पुस्तके आणली होती; ती पद्धत पुढे मागे घेण्यात आली, तरी तिच्यातील वर्षाचे पुस्तक भागांत वाटण्याची कल्पना टाकून देण्यासारखी नव्हती. पुस्तकांचा एक संच शाळेत आणि एक घरी ठेवणे, रोजचे वेळापत्रक पाळणे, अनावश्यक व्यवसायमाला बंद करणे, हे उपायही आहेतच.

एवढे सांगितल्यावर डिजिटल साहित्याने जे खरोखर साध्य केले आहे, त्याचे श्रेय त्याला मोकळेपणाने द्यावे लागते. दृष्टिहीन मुलासाठी छापील पुस्तक जवळजवळ निरुपयोगी आहे, ब्रेल प्रती तयार व्हायला वेळ लागतो, आणि आवाजात ऐकता येणारे किंवा अक्षर हवे तितके मोठे करता येणारे डिजिटल पुस्तक त्याच्यासाठी हक्काची बाब आहे. छापील साहित्य वाचू न शकणाऱ्यांना सुलभ प्रती मिळाव्यात यासाठी झालेल्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता. या मुलांच्या बाबतीत पुस्तकाऐवजी उपकरण देण्यात हयगय होता कामा नये. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याने वाचता येणारी चौकोनी खूण, छापून त्यामागे कविता, चित्रफिती आणि सराव जोडण्याची कल्पना राबवली; राज्याने ती स्वीकारली, देशभर 'दीक्षा' या व्यासपीठामार्फत ती रुजली आणि डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या कल्पनेचे शहाणपण असे, की कोड नसला किंवा फोन नसला तरी पान वाचता येते. गर्भाशयातील रक्ताभिसरण किंवा ज्वालामुखीचा छेद चलचित्रात अधिक नीट कळतो. शिक्षकाकडे एक प्रक्षेपक असेल तर सगळ्या वर्गाला ते दाखवता येते. परराज्यात किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मुलांना मराठी शिकवायचे असेल, तर 'बालभारती'च्या विनामूल्य फाइली हा मोठाच आधार आहे. मात्र ऊसतोडीसाठी दरवर्षी बीडहून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबातील मुलाला फडावरच्या खोपीत अभ्यास चालू ठेवता यावा असे वाटत असेल, तर त्याच्या पिशवीत आजही पुस्तकच द्यावे लागेल.

म्हणून पहिली ते आठवीच्या वर्गांत छापील पाठ्यपुस्तक मुख्य साधन म्हणून कायम राहिले पाहिजे, डिजिटल साहित्य त्याला जोडून आले पाहिजे, आणि उपकरणांसाठी राखलेल्या निधीतील पहिला वाटा दृष्टिहीन मुले, शाळेचे ग्रंथालय आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांना मिळाला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती स्थापन केली असून तिच्या सदस्यांत तीन-चतुर्थांश पालक असतात. पुस्तकांच्या जागी टॅबलेट आणण्याचा प्रस्ताव शाळेत आला, तर या पालक सदस्यांनी होकार देण्यापूर्वी उपकरण बिघडल्यास ते किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने दुरुस्त होईल, परवान्याची मुदत कधी संपते, मुलांची माहिती कोणाकडे जाते आणि दुरुस्ती होईपर्यंत मुलाच्या हाती छापील प्रत राहील की नाही, याची उत्तरे लेखी मागून घ्यावीत.